किचन नसलेली खोली

मिरज,
रविवार, दुपार

प्रिय वेदिका,

एकाच घरात राहणाऱ्या सुनेला सासू पत्र लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं वाटून घाबरू नकोस. काही बिनसलेलं नाही. आत्ता तुम्ही तिघं सांगलीला वाढदिवसाला गेला आहात, हे आत झोपलेत आणि घर कधी नव्हे इतकं शांत आहे. समोर बसून बोलायला घेतलं असतं तर पहिल्या वाक्यालाच तू "अहो आई, काहीतरीच काय" म्हणून कपबशा उचलून आत गेली असतीस. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही. उद्या हे पाकीट तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. बँकेत जेवून झाल्यावर वाच, आधी नको.

आपल्या बंगळूरच्या मुक्कामाबद्दल मला कधीपासून तुझ्याशी बोलायचं होतं. तिथल्या माझ्या दादाची प्रकृती उतरणीला लागल्याचं आपल्याला दिवाळीतच कळलं होतं. फुप्फुसं थकलेली, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू. अंजलीने फोन केला, "आत्या, येऊन जा. अप्पा रोज तुझं नाव काढतात." बापाची काळजी करता करता ती पोरगीही अर्धी झाली होती. तिच्या चामराजपेटच्या घरात खोल्या दोन, त्यातली एक दादाची आणि त्याच्या मशीनची. तिथे आपण पाच जणांनी उतरणं शक्यच नव्हतं. मग उतरायचं कुठे, यावर आपल्याकडे जी चर्चा झाली ती तुला आठवत असेलच. जितेंद्रने सर्जापूर रोडवरचं एक अपार्टमेंट शोधून काढलं होतं. फोटो दाखवताना काय त्याचा उत्साह! तीन बेडरूम, मोठी बाल्कनी, वॉशिंग मशीन, फ्रीज. "आई, शेगडीला चार बर्नर आहेत बघ," असं त्याने मला सांगितलं, जसं काही माझ्यासाठी दागिनाच आणलाय. हेही खूश. पोटाच्या ऑपरेशननंतर यांना तिखट चालत नाही, ज्वारीची भाकरी लागते, आमटी पातळ लागते. आणि मी? मी मनातल्या मनात मेतकूट, भाजणी, छोटा तवा, लाटणं बांधायलाही घेतलं होतं. तेव्हा ईराची वेणी घालता घालता, मान वर न करता तू म्हणालीस, "किचन असलेली जागा नको. हॉटेल घेऊ. मामांच्या घराजवळच."

त्या वाक्यावर घरात काय काय झालं! हे म्हणाले, "सख्खा मेहुणा गावात असताना हॉटेलात उतरायचं? लोक काय म्हणतील?" जितेंद्र म्हणाला, "अगं, इतके दिवस बाहेरचं खाणं बाबांना झेपणार आहे का?" माझ्या नणंदबाईंनी तर फोनवर निकालच देऊन टाकला, "हल्लीच्या मुलींना चार माणसांचा स्वयंपाक जड जातो." फोन स्पीकरवर होता आणि तू तिथेच पाण्याच्या बाटल्या भरत उभी होतीस. तू नळ बंद केलास, झाकणं लावलीस आणि एवढंच म्हणालीस, "सर्जापूर रोडहून चामराजपेट म्हणजे रोज अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जाईल." दुपारी बुकिंग करून मोकळी झालीस. मला वाटलं, बिचारी दिवसभर बँकेत राबते, चार दिवस विश्रांती हवी असेल, घेऊ दे. खुद्द दादालाही ते लागलं होतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाला, "हॉटेल? सरी, सरी. मोठी माणसं झालात तुम्ही." त्याच्या त्या कानडी 'सरी'चा अर्थ 'बरं' असा आहे खरा, पण तो ज्या सुरात म्हणाला त्यात बरं काहीच नव्हतं.

हॉटेलातली पहिली सकाळ मी विसरणार नाही. आंघोळ करून पलंगाच्या कडेला बसले आणि हातांचं काय करायचं ते कळेना. दूध तापवायचं नव्हतं, कणीक मळायची नव्हती. हे चहासाठी माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. तेवढ्यात तू आलीस आणि यांना टेबलावरची किटली दाखवलीस, "बाबा, हे बटण दाबायचं. पाणी उकळलं की आपोआप बंद होतं." सगळी नोकरी वीज मंडळात केलेला माणूस, पण त्या किटलीपुढे असा उभा राहिला की जसं काही सबस्टेशनच चालू करायला सांगितलंय! तू मात्र माझ्या हाताला धरून, "चला आई, मामा वाट बघताहेत," म्हणत मला लिफ्टमध्ये घातलंसही. दार लागेपर्यंत मी मागे वळून बघत होते. माझ्याशिवाय हे चहा पिणार कसे, याची मला खरोखर चिंता पडली होती.

यांच्या जेवणाचं तर तू एका सकाळीत मार्गी लावलंस. जवळच हुबळीकडच्या माणसाची खाणावळ शोधलीस. तिथली 'जोळद रोट्टी' म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच. मालक विचारत होता, "स्वल्प तिखट चालेल?" आणि तू हाताने, डोळ्यांनी, हिंदीतून, सगळ्या बाजूंनी त्याला पटवत होतीस की स्वल्पसुद्धा नको. ईराला घेऊन जितेंद्र गाव बघत फिरायचा आणि हे रोज दुपारी टेबलावर ऐटीत बसून जेवायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुझ्यापेक्षा पातळ करतात हं भाकरी." एरवी मला राग आला असता. त्या दिवशी मी म्हटलं, "मग खा की पोटभर."

आणि मी? दादाजवळ बसले होते. त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर, खिडकीपाशी. खाली रिक्षांचे हॉर्न, फुलवाल्यांची ओरड, खोलीत मशीनची घरघर. पहिल्या दिवशी तो घुश्शातच होता. "नाश्ता केलास का हॉटेलात?" एवढंच विचारून भिंतीकडे बघत राहिला. मी सवयीने उठून आत अंजलीच्या मदतीला गेले, तर तिने मला दारातच अडवलं. "आत्या, तू स्वल्प बाहेरच बस. वेदिकाने बजावलंय, तुला आत येऊ द्यायचं नाही." मग काय, बसले. दुपारी बसले, चहाला बसले, दिवे लागले तरी बसले. मशीनच्या नळीतून श्वास घेत दादा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "लता, तू बसलेली मला कधी दिसलीच नाहीस गं."

खरं होतं ते. लग्नानंतर त्याच्याकडे जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा वहिनीशेजारी पोळ्या लाटायला उभी राहिले. बहीणभावांचं बोलणं व्हायचं ते स्वयंपाकघराच्या दारातून: गाडी किती वाजता, मुलांच्या परीक्षा कधी, आमटीत मीठ बरोबर आहे ना. एवढंच. आता मात्र आम्ही सगळं बोललो. आईच्या हातच्या चकल्या, आमच्या गल्लीतला चक्रम पोस्टमन, दादाला कारखान्यात लागलेली पहिली नोकरी आणि कानडी येत नाही म्हणून तिथे झालेली फजिती. हसून त्याला धाप लागायची, मग थांबायचो, मग पुन्हा सुरू. त्यातच एका दुपारी त्याने मला ते सांगितलं, जे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. मॅट्रिकला मला गणितात दादापेक्षा जास्त मार्क होते. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं माझ्या मनात होतं, पण वडिलांनी स्थळं बघायला घेतली आणि तो विषय तिथेच मिटला. मला आयुष्यभर वाटत आलं की आपल्या बाजूने घरात कोणी चकार शब्द काढला नाही. दादा म्हणाला, "मी भांडलो होतो गं तुझ्यासाठी. दोन दिवस जेवलो नव्हतो, तुला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. वडील म्हणाले, तू बंगळूरला निघालायस ना, आपलं बघ. हरलो मी. कुठल्या तोंडाने तुला सांगणार होतो?" मी त्याचा हात धरून नुसती बसून राहिले. वेदिका, ते ऐकून मला दुःख झालं असं तुला वाटेल. दुःख नाही झालं. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या बाजूने कोणीतरी उभं होतं हे कळलं, आणि पाठीला आधार मिळाल्यासारखं झालं.

निघायच्या आदल्या दिवशी दादाने हट्ट धरला, "तुमचं हॉटेल मला बघायचंय." अंजली घाबरली. मीही नको म्हटलं. तू कोणालाच नको म्हटलं नाहीस. त्याच्या डॉक्टरांना विचारून आलीस, छोटा सिलिंडर आणलास, हॉटेलातून चाकाची खुर्ची मागवलीस, आणि दादा लिफ्टने थेट आमच्या खोलीत! पांढऱ्याशुभ्र चादरीवर उशांना टेकून असा बसला की संस्थानिकच. आणि हे आपणहून उठले, किटलीचं बटण दाबलं आणि त्याला चहा करून दिला. दादा एकदा कपाकडे बघे, एकदा यांच्याकडे. "विद्याधरराव, तुमच्या हातचा चहा? लता, हे हॉटेल विकत घेऊन टाक!" मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बंगळूरला आलेल्या प्रत्येकाला मी आजवर उतरवून घेतलं. पाहुणा म्हणून बसायची वेळ आज पहिल्यांदा आली. बरं वाटतं गं पाहुणा होणं." जाताना त्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवला. 'सरी' म्हणताना त्याच्या आवाजात जे टोचलं होतं ते कधीच गळून पडलं होतं.

आषाढात दादा गेला. लोक समजूत घालायला आले तेव्हा मी त्यांना धीर देत होते, याचं तुम्हा सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. माझं त्याच्याशी काही बोलायचं राहिलं नव्हतं. इतकं भरून पावलेली माणसं मी फार थोडी बघितली आहेत, आणि त्यात मी आहे.

तेराव्याला बंगळूरला गेले होते तेव्हा अंजलीने मला सांगितलं. बुकिंग करायच्या आधी तू तिला फोन केला होतास. तिला म्हणालीस, "आईंना किचन दिसलं की त्या तिथेच अडकणार. मामा राहतील बाजूला. आणि हे मी घरात बोलले तर त्या स्वतःच म्हणतील, मला काय होतंय, करीन की. मग विषय संपला." अंजली सांगत होती आणि मी हसत होते, डोळ्यांतून पाणीही येत होतं. अगदी हेच म्हटलं असतं गं मी! तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखलंस. आणि त्यासाठी आळशी म्हणवून घेतलंस, उधळी म्हणवून घेतलंस, नणंदबाईंचं ते बोलणं बाटल्या भरता भरता ऐकून घेतलंस आणि आजतागायत कोणाला खुलासा दिला नाहीस. मी आयुष्यात पुष्कळ चांगली माणसं बघितली. चांगलं करून ते बोलून दाखवणारी बघितली, न बोलणारीही बघितली. पण चांगलं करून वर बोल लावून घेणारी, आणि तरी संध्याकाळी हसतमुखाने सगळ्यांची पानं वाढणारी तू एकटीच. नणंदबाईंना मी गेल्या आठवड्यात सगळं सांगितलं, तेही स्पीकरवर.

आता मूळ मुद्द्यावर येते. शुक्रवारी मंडईत यांना तुमच्या शाखेतले रत्नाकर भेटले. त्यांनी यांचं अभिनंदन केलं. सूनबाईंना बढती मिळालीय, बदली बंगळूरला, पण त्या नको म्हणणार आहेत म्हणे, घरी वडीलधारी आहेत ना. बुधवारपर्यंत कळवायचंय, हेही त्यांच्याकडूनच कळलं. यांनी घरी येऊन भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "ही पोर आपल्यापायी नाही म्हणणार आहे. तसं होऊ द्यायचं नाही." माझ्या आधी हे बोलले, लक्षात घे. कालपासून ते माझ्याकडे भाकरी थापायला शिकताहेत. पहिल्या दोन कावळ्यांना घातल्या, तिसरी आम्ही दोघांनी खाल्ली. जितेंद्रला काल रात्री गच्चीवर गाठून विचारलं. त्याला सगळं माहीत होतं, तू गप्प राहायला सांगितलं होतंस. त्याचं काम लॅपटॉपवर, तो कुठेही बसेल. आमची तब्येत ठणठणीत आहे, शेजार चांगला आहे, आणि काही लागलंच तर रात्रीच्या गाडीत बसून आम्हीच येऊ तिकडे. तेव्हा आमचं निमित्त करून नाही म्हणायचं नाही. तू होकार द्यावास, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. ईरासाठी शाळा कोणती बरी, ते मी सकाळीच अंजलीला विचारून ठेवलंय. तिच्या घराजवळच्या दोन शाळांत जागा आहेत म्हणाली. बुधवारी तू कळवून टाक, गुरुवारी आपण तिला फोन लावू.

तुझीच आणि तुझ्याच बाजूची,
आई