नेव्ह म्हणजे नाव

आई,

काल तुझी नात चर्चमध्ये जोरात ओरडली आणि मी तिला गप्प बस म्हणाले नाही. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झाली ती. आता सिडनीत युनिव्हर्सिटीत जाते आणि क्वेकर्स हिलच्या आमच्या घरात दिवसभर कानात हेडफोन घालून फिरते. पहिल्याच वर्षी तिने आर्ट हिस्टरी घेतली. मी सुचवलं नव्हतं. मी तर तुझा विषय बाजूला ठेवून कॉम्प्युटरकडे गेले, आणि तू त्यावर कधी एक अक्षर बोलली नाहीस.

गेल्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "ममा, मी हा सब्जेक्ट ड्रॉप करतेय. रोमन, अर्ली ख्रिश्चन, मिडीव्हल, नुसते वर्ड्स आहेत. नेव्ह, एप्स, क्लिअरस्टोरी. आय कान्ट." तिचे बाबा म्हणाले, "नो वरीज, दुसरं काहीतरी घे." मी भात वाढत राहिले, पण मला आपलं पुण्याचं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

मी सातवीत असेन. तू कॉलेजात शिकवून येतेस, पदर खोचतेस आणि ओट्यावर लाल भोपळा चिरायला घेतेस. शेजारी उद्याच्या तासाचं पुस्तक उघडं. मी एका चित्रावर बोट ठेवते, "हे काय, जुनं चर्च?" तू चिडतेस. "जुनी भाजी असते. नीट बघायला शीक. कमान गोल आहे की टोकदार?" गोल. मग तू भोपळ्याच्या फोडी पाचरीसारख्या कापतेस, एक गोल डबा आडवा ठेवून त्यावर रचतेस. एका बाजूला खलबत्त्याचा टेकू, दुसरीकडे तांदळाच्या डब्याचा. मधली फोड अलगद दाबून बसवतेस. "हा कीस्टोन. हा बसला की सगळे एकमेकांना धरून राहतात." खालचा डबा हळूच ओढून घेतेस आणि कमान उभीच राहते! टाळ्या तूच वाजवतेस. रोम तू कधी पाहिलं नव्हतंस. ती कमान आपण त्या रात्री पोळीशी खाल्ली.

काल आम्ही दोघी हॅरिस पार्कला किराणा घ्यायला गेलो होतो. तिथून चालत पॅरामॅटा स्टेशनकडे निघालो, तर वाटेत एका दगडी चर्चचं दार उघडं होतं.

"चल आत," मी म्हणाले.

"ममा, डोसा बॅटर गरम होईल."

"होऊ दे."

आत एक म्हातारी बाई फुलं लावत होती. दारापासून समोरच्या वेदीपर्यंत गेलेल्या लांब दालनाच्या मधोमध मी उभी राहिले. "हा नेव्ह. आजी सांगायची, नेव्ह म्हणजे नाव."

"कुणाचं नाव?"

"अगं नाव, होडी! लॅटिनमध्ये नाविस, आपली नाव. एकाच घराण्यातले शब्द. आता वर बघ."

तिने मान वर केली. लाकडी छत, मधोमध कणा, दोन्हीकडे फासळ्यांसारखे वासे.

"ओ माय गॉड! उलटी बोट! इट्स अ बोट!"

फुलं लावणारी बाई दचकली, मग हसली. "व्हेअर, लव्ह?" आणि तुझ्या नातीने तिला हाताला धरून मधोमध आणलं, वर बघायला लावलं. मग ती सुटलीच. वेदीमागचा अर्धगोल कोनाडा, "एप्स!" वर भिंतीत ओळीने खिडक्या, "क्लिअरस्टोरी!" मी म्हणाले, आपल्या घरातले झरोके गं. टोकदार कमानींपाशी मी ऐटीत म्हणाले, "आणि हे मिडीव्हल." तिने माझ्याकडे अगदी तुझ्या नजरेने पाहिलं. "ममा, नीट बघ ना. धिस इज ऑस्ट्रेलिया. तेव्हा इथे चर्च कुठे होतं? ही नंतरची कॉपी आहे." मला इतकं हसू आलं की बाकावर बसावं लागलं.

डोशाचं पीठ फुगून डब्याचं झाकण पिशवीतच उडालं होतं. ट्रेनमध्ये हात पुसत ती म्हणाली, "ओके, नाही ड्रॉप करत. आजी अजून काय काय सांगायची?" क्वेकर्स हिल येईपर्यंत मी बोलत होते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून मोकळेपणी लिहिते. इतकी वर्षं काही छान घडलं, की तू हवी होतीस असं वाटून आत कुठेतरी खुपायचं. काल नाही खुपलं, आई. मी इतकी मजेत होते, की तू नाहीस हे माझ्या लक्षातच आलं नाही.