सासरा चहाले गेला तेव्हा

यवतमाळ, ऑक्टोबर २००१

याडी, नर्सिंग शिकाले आलेल्या तुह्या लेकीचा, पुष्पाचा पाया पडून रामराम.

मी मजेत आहे. मेसची पोळी जाड असते, पण पोट भरते. वर्गात सारं इंग्रजीत चालते, अर्धं समजते. बापूले मात्र सारं समजते म्हणून सांगजो.

काल वार्डात मारेगावाकडच्या तांड्यावरची एक सून आणली. उलट्या थांबतच नव्हत्या. डॉक्टरनं मराठीत विचारलं, मंग हिंदीत, मंग ओरडून. बाई तोंडावर पदर ओढून चूप. मी बी तांड्यावरची, म्हणून डॉक्टर मले म्हणे, "हिला भाषाच कळत नाही. तू तुमच्या बोलीत विचार."

म्या विचारलंच नाही. खाटेपाशी तिचा सासरा उभा होता. आजासमोर सून म्हणून तू जशी चूप राह्यतं, तशीच ती होती. म्या म्हणलं, "बाबा, सकाळपासून उपाशी आहा, खाली चहा घेऊन या."

तो गेला न बाईनं चोख मराठीत सांगतलं, कपाशीच्या फवारणीचं औषध पंपात तीच भरत होती. मंग बरोबर इलाज सुरू झाला. आज तिनं पेज घेतली.

मोठ्या सिस्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठं शिकलीस?" म्या म्हणलं, "माह्या आईपाशी."

आपल्या वावरात पंप कोण भरते? तू तर नाही ना?

धाकला संजय तुह्यासाठी उत्तर लिहाले बसला की आजाले चहा प्यायले धाडजो. मंग तू बोल, न संजयले सारं लिहू दे.

तुही,
पुष्पा