मातामायचा कोंबडा आणि मुंगन्याचा पाला

प्रिय आत्याबाई,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडव सुटला, आणि आज सकाळी तुमच्या चुलीपुढे बसले तर माझे हात चालेचनात. तुम्ही गेलात आणि त्याच आठवड्यात धाकट्या जावेला मुलगा झाला. नातवाचं तोंड पाहायला थोडं थांबता आलं नाही का हो? एवढी कसली घाई! तिला दूध उतरत नाही. लेकरू रडून रडून थकतं. घरात सासू म्हणून तुम्ही होतात, तुमच्या जागी आता मी. विचारू कोणाला? म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, माहीत आहे. तरी ऐका.

आणीबाणीच्या वर्षी सुनंदा झाली तेव्हा माझीही हीच गत होती. तुम्ही डिंक दिलात, सुंठ दिलीत, खसखस दिलीत. परसातल्या मुंगन्याकडे मात्र कोणी बघितलंही नाही. त्याच्या शेंगा आपण वरणात घालायचो आणि पाला शेळीपुढे टाकायचो. बाळंतिणीला पालेभाजी? वात धरतो, संपलं! पुस्तकात मुंगन्याला शेवगा म्हणतात, हे पुढे सुनंदानं शाळेतून येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "काहून? पुस्तकवाल्याले मुंगना म्हनता येत नाही का?"

तर त्या वेळी मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर लेकराचं वजन करायला आल्या. फिलिपिन्सच्या. आपल्या बपेरा गावात कोणाला तो शब्द जमेना, सगळे त्यांना मनीलावाली बाई म्हणायचे. वजन राहिलं बाजूला, बाई परसात मुंगन्याखाली उभी! पान चोळून हुंगते आहे आणि डोळ्यांतून धारा. तुम्ही कमरेवर हात ठेवून विचारलंत, "काहून रडून राहिली वो बाई?"

"माझ्या मायेरी पन आहे हे झाड," त्या आपल्या गावच्याच बोलीत तोडकंमोडकं बोलल्या. "फांदी खोचली का लागते. घरोघरच्या कुंपणाले आहे. शेजारीन न विचारता तोडते. बाळंतिणीले कोंबडी, आलं आन् हा पाला शिजवून देतात. माझी माय तेच खाऊन मले पाजत होती."

पानात लोह आहे, हाडांसाठी चुना आहे, डोळ्यांना चांगलं, हेही त्या सांगत होत्या. ते काही तुमच्या कानात शिरलं नाही. पण मायेर हा शब्द ऐकला आणि तुम्ही विरघळलात. मी खाटेवर पडल्या पडल्या थक्क! समुद्रापलीकडच्या बाईच्या कुंपणाला आपलाच मुंगना?

पाला होता, पण कोंबडी कुठून आणायची? घरात एकच लाल कोंबडा होता, तोही मातामायला बोललेला. नातवंड झालं तर देईन, असा तुमचाच नवस. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि पदर खोचलात. मामंजी ओरडले, "अवो, देवीचा आहे तो! डोकं फिरलं का तुहं?"

"देवीनं लेकरू देलं," तुम्ही म्हणालात. "आता ते जगवाले पायजे. तिले रागवाचं असन तं माह्यावर रागवू दे. लेकराच्या वाटेले नोको जाऊ म्हना."

आत्याबाई, केवढी ही छाती! देवीला असं तोंडावर सांगणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

रस्सा शिजला. तुम्ही चाखून तोंड वाकडं केलंत. "मिरची नाही, काही नाही. हिच्या देशात दुष्काळ आहे का?" पण मला मात्र वाटी संपेपर्यंत उठू दिलं नाहीत. कोंबडा संपला तरी पाला रोज वरणात पडत राहिला. दूध आलं. पाल्यानं आलं का तुमच्या धाकानं, कोण सांगणार!

एक मात्र तेव्हा मला कळलं नाही. सुनंदा नुसती शिंकली तरी तुमचा चेहरा पांढरा पडायचा. पुढच्या वर्षी मातामायला दोन कोंबडे दिलेत, तेव्हा कुठे पोटभर जेवलात. वर्षभर एवढी भीती एकटीनं गिळलीत? मला एकदा बोलायचं होतंत ना! मी काय परकी होते?

आज मी पाला तोडून आणला, तेवढ्यात सिस्टर भेटायला आल्या. आता त्यांचेही केस पिकलेत. माझ्या हातातली फांदी पाहून दचकल्याच. "नोको! मयतीच्या घरी हे शिजवत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, पान पान गळते तशी घरची माणसं एकामागून एक जातात."

मी बघतच राहिले. इंजेक्शन देणारी, शिकलेली बाई! दुसरं कोणी म्हणालं असतं तर हसले असते. पण ज्यांनी हा पाला खायला शिकवलं, त्याच नको म्हणतात? दारातून धाकटीनं ऐकलं आणि लेकराला छातीशी घट्ट धरलं. ते पुन्हा रडायला लागलं.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ज्याले रागवाचं असन, त्यानं माह्यावर रागवावं!" आवाज माझा होता, आत्याबाई, पण तोरा सगळा तुमचा. माझी मीच चकित झाले.

सिस्टरनी क्रुसाची खूण केली, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. मग खाली बसल्या, माझ्या हातातली फांदी ओढून घेतली आणि पाला ओरबाडायला लागल्या.

आता चुलीवर शिजतो आहे. धाकटीला रोज वाढीन, तिनं नाक मुरडलं तरी वाढीन, हा माझा शब्द. आज लेकरू शिंकलं तेव्हा मीही घाबरले. पण तुमच्यासारखी एकटी भिणार नाही मी. धाकटीला जवळ बसवून सगळं सांगीन. दोघी मिळून भिऊ आणि दोघी मिळून त्याला मोठं करू.

तुमची मोठी सून,
कौसल्या