भरलेलं पातेलं

माळमड्डी, धारवाड
४ नोव्हेंबर १९९८

प्रिय राधा,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. तुझ्या शेजारची वच्छी, विठ्ठलराव वकिलांची थोरली, बेचाळीस वर्षांनी तुला लिहिते आहे. तुझा पत्ता काल आपल्या शाळेतल्या मंगलाकडून घेतला. हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारात गेले होते, तिथे भांड्यांच्या दुकानात ती भेटली. तू मुलाकडे, राघवेंद्रकडे, विद्यानगरात राहायला आलीस त्याला तीन वर्षं झाली म्हणे. अग, बसने तासाभराचं अंतर, आणि मला पत्ता नाही! अर्थात मी तो कधी विचारलाच नव्हता, हेही खरंच.

परवा रविवारी कर्नाटक राज्योत्सवानिमित्त आमच्या महिला मंडळात माझं व्याख्यान झालं. मी मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाले तरी बायका सोडत नाहीत. विषय माझा लाडका, जपान आणि त्याचे शेजारी. जपानला एके काळी चीन म्हणजे गुरुघर वाटे, हे सांगितलं. लिपी तिथली, कारभाराची रीत तिथली, बुद्ध पोचला तो कोरियामार्गे. कोरियाचे राजदूत आले की त्यांच्या हातची चार अक्षरं कागदावर मिळावीत म्हणून जपानी लोक धडपडत. मग पाश्चात्त्यांच्या तोफा दिसल्या, जपान भराभर नव्या विद्या शिकला, आणि कालचा गुरू एकदम गावंढळ वाटायला लागला. असल्या शेजाऱ्यांची संगतच नको, असं शिकलेसवरलेले लोक वर्तमानपत्रांत लिहू लागले. पुढे चीनला हरवलं, कोरिया गिळला, युद्धात चीनमध्ये जे केलं ते तर सांगवत नाही. पंचेचाळीस साली स्वतः हरल्यावर वीसेक वर्षं शेजाऱ्यांकडे पाठ फिरवून अमेरिकेकडे तोंड. पासष्टला कोरियाशी रीतसर संबंध जुळले, बहात्तरला चीनशी. पण मनातली अढी काही गेली नाही.

व्याख्यान संपल्यावर हेमावती म्हणून एक तरुण मुलगी उठली. तिने विचारलं, जपानने माफी मागितली नाही का, आणि मागितली असेल तर मिटत का नाही? मी ऐटीत सांगितलं की मागितली, गेल्याच महिन्यात कोरियाला लेखी दिली. पण तिथे एक जण माफी मागतो आणि दुसरा पुढारी उठून म्हणतो, आम्ही एवढं काय वाईट केलं? मग शेजाऱ्याने विश्वास ठेवायचा कसा? माफी एकदा मागून भागत नाही, ती मागत राहावी लागते. टाळ्या पडल्या ग. मी फुशारून खाली बसले आणि कुणीतरी माझ्या हातात वाटी ठेवली. गव्हाची हुग्गी होती, आमच्या भाषेत गुळाची खीर. वेलदोड्याचा तो वास आला आणि मी वाटी तशीच खाली ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तुला आठवतंच आहे, मला ठाऊक आहे. छप्पन सालचा एक नोव्हेंबर. धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूरकडे आलं. तुमच्या कानडी घरी दिवाळी आणि आमच्या मराठी घरी सुतक. अप्पांची सगळी वकिली मुंबईच्या हायकोर्टाच्या भरवशावर होती. तुझ्या आईने, आमच्या अंबक्काने, परसातल्या दाराने कल्हईचं पातेलं भरून हुग्गी पाठवली. तिला खिजवायचं नव्हतं. तिच्या घरी आनंद झाला की तो आमच्याकडे यायचाच. अप्पा म्हणाले, परत कर. आई पदर डोळ्याला लावून बसली. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे अंबक्कानेच आम्हाला शिकवलेलं. आणि मी ते पातेलं जसंच्या तसं भरलेलं परत आणलं. दारात तू उभी होतीस. मी तुला म्हटलं की आमच्यात हे असलं खात नाहीत.

आमच्यात! कोकणातून आलेल्या माझ्या आईला ज्वारीची भाकरी थापायला कुणी शिकवलं? बाजारात भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायला कुणी शिकवलं? माझ्या धाकट्या भावाच्या, श्रीकांतच्या, बाळंतपणात आईची शुद्ध हरपली तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं? आमचं निम्मं घर तुझ्या आईने उभं केलं, आणि मी तिच्या हातचं अन्न नाकारलं. आजवर मनाची समजूत घालत आले की अप्पांचा हुकूम होता, मी काय करणार. खोटं आहे ते. मी एकोणीस वर्षांची घोडी होते आणि मला तेव्हा अप्पांचं पटलं होतं. तुम्ही आमच्याहून कमी, असं मला खरोखर वाटलं होतं. तू पातेलं घेतलंस आणि दार लावलंस. पुढच्या वर्षी तुझ्या लग्नाची अक्षत आली, मी आले नाही. अंबक्का गेली तेव्हा खिडकीतून पाहत राहिले, पण पायरी उतरले नाही. आणि वर्गात मात्र दरवर्षी जपानला नावं ठेवत होते!

तर आता काय ठरवलंय ते सांगते. दुर्गदबैलात मी गेले होते ते पितळेचं पातेलं घ्यायला, अंबक्काचं होतं तेवढंच. कल्हई करून आणलंय. आज सकाळी हुग्गी करून पाहिली, गूळ करपला, उद्या पुन्हा करीन. येत्या रविवारी सकाळी साडेआठच्या बसने निघेन, पातेलं मांडीवर घेऊन. दहाच्या सुमाराला तुझ्या दारात उभी असेन. तू आत घे असं मी म्हणणार नाही, तो तुझा हक्क आहे. हुग्गी घ्यायची नसेल तर तू ते पातेलं भरलेलंच परत कर, मी निमूट घेऊन जाईन. पण राधा, मग त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा येईन, आणि त्याच्या पुढच्याही. माझे गुडघे दुखतात, पण बस दाराशी थांबते.

तुझीच,
वच्छी