आवळून धरा, मावशी

आई,

आज तपासणी झाली. पोटावरची पिशवी काढून आतडं पुन्हा आत जोडायचं की नाही, हे तिच्यावर ठरणार होतं. वाशीच्या हॉस्पिटलातल्या थंडगार खोलीत मला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि खालून नळी घालून औषधाचं पाणी सोडायला लागले. कॅन्सरची गाठ काढल्यापासून त्या वाटेने काही गेलेलं नाही. अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. "आवळून धरा मावशी, आताच सोडू नका," सिस्टर म्हणत होती. मी धरलं. फोटो निघाल्यावर शेजारच्या संडासापर्यंत चालत जायचं होतं, तेवढं मात्र निभावलं नाही. सगळं पायांवरून लादीवर. "काय नाय ओ, सगल्यांचं होतं असं," म्हणत तिने कपडा आणला, आणि मला तुझा असा संताप आला की सांगता सोय नाही.

तळवलीच्या घरात तुझा कायदा होता. संडासातून आलेल्याने पाय धुऊन, कपडे बदलूनच चुलीकडे जायचं. "पाय धू, मंग आत ये," हे तू पाहुण्यांनाही सुनवायचीस. मग शेवटच्या वर्षी तूच चुलीपाशी येणं सोडलंस. गुडघं धरलंत, म्हणालीस, आणि ओटीवर बसून हुकूम सोडायला लागलीस. कालवण खारट, भाकरी जाड. कॉलेजच्या वयात मी रांधते आहे आणि मनात म्हणते आहे, बाई आरामाला सोकावली. एकदा भांडी आपटून म्हटलं, एवढी नावं ठेवतेस तर तूच कर. तू खाली बघत बोललीस, "माज्या हातचं आता कुनाच्या गल्याखाली उतरनार?" मला वाटलं, रुसलीस. दिवसभर मोरीत लुगडी धूत बसायचीस. दुखऱ्या गुडघ्यांनी ते कसं जमतं, असं कुणीही विचारलं नाही.

माझ्यावर कपडे लपवून धुवायची वेळ आली तेव्हा तुझी लुगडी कळली. तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरात कुणाला हे होतं का? काय सांगणार? आमच्या आईचे गुडघे दुखत होते? आधी ठाऊक असतं तर गाठ लहान असताना सापडली असती, असं ते म्हणाले. तू चूल जपलीस आणि मला काही सांगितलं नाहीस. हे मी कधी माफ करीन असं वाटत नाही. तुला हे पोचायचं नाही, म्हणून तर एवढं स्पष्ट लिहिते आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं. गाठ काढली तिथला जोड छान भरलाय, कुठे गळत नाही, म्हणाले. पण खालचा स्नायू ढिला पडलाय. पिशवी काढल्यावर काही महिने, कदाचित कायमच, धरता येणार नाही. विचार करून सांगा. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. त्या पिशवीला मी विटले आहे.

बाहेर मुलगी बसली होती, उलव्याहून ऑफिस टाकून आलेली. "काय बोलले गं?" जोड छान भरलाय, मी म्हटलं. तिने तिथेच डोळे पुसले, नवऱ्याला फोन लावला. मग रिक्षात माझा हात धरून पुन्हा विचारलं, "अजून काय बोलले का? टेन्शनसारखं काय नाय ना?"

मी नाही म्हटलं.