आप्पांच्या चादरी

१२ जुलै २००५, मंगळवार

आजही गार! मशीन फिरतंय, घुरघुरतंय, लाइट खातंय – आणि दार उघडलं की चादर ओलीची ओली. काचेला हात लावून बघितला, जराही ऊब नाही. गीझरचा प्लग काढून तिथं लावलं. कपडे निम्मे केले. बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही उपयोग नाही. धुतंय झक्कास, पण वाळवायचं म्हटलं की संप!

नणंदेनं हे धुऊन वाळवणारं मशीन पुण्याहून मुद्दाम मामंजींसाठी, आप्पांसाठी पाठवलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रात्री लघवी आवरत नाही. पावसात चादरी गॅलरीत वाळत नाहीत आणि गल्लीला दिसतात ते वेगळंच. कोडोलीच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. अजून धोतर कडक इस्त्रीचं लागतं. सकाळी मी चादर ओढते तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसतात.

१४ जुलै, गुरुवार

मशीनवाला कृष्णात आला. मागचं झाकण न काढताच म्हणाला, "वैनी, हीटर गेलाय. पार्ट पुण्यासनं मागवाय पायजे." कधी येणार? "येतोय की!" येतोय की म्हणे! तोवर मी चादरी काय डोक्यावर वाळवू?

१७ जुलै, रविवार

फार वाईट झालं. हॉलभर दोऱ्या बांधल्यात. पंख्याखाली चादरी, दारावर चादरी, उरलेल्या मी इस्त्री मारून वाळवतेय. तेवढ्यात कोडोलीहून आकारामभाऊ आले, न कळवता. आप्पांचे जुने सोबती. चादर बाजूला सारून आत आले आणि मोठ्यानं, "का वं चेअरमन, तान्हं पोर हाय व्हय घरात?"

मनात काही नव्हतं त्यांच्या. पण आप्पांचा चेहरा पांढराफटक. मी पटकन म्हटलं, पाहुणे येऊन गेले, त्यांची अंथरुणं आहेत. आप्पांनी पुढ्यातला चहाही तसाच ठेवला.

१९ जुलै, मंगळवार

कोरडं! काल कोरडं, आज कोरडं! डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळीचा गुण. ह्यांना म्हटलं, मशीन गेलं चुलीत, आता पार्ट नाही आला तरी चालेल. हे म्हणाले, "देव पावला."

२१ जुलै, गुरुवार

अजून कोरडं. चहा मात्र नको म्हणतात, घशाशी येतंय म्हणे. तांब्या भरलेला तसाच असतो. पावसाळी हवा, तहान कुठली लागतेय.

२३ जुलै, शनिवार

आप्पा मोरीच्या दारात कोसळले. दवाखान्यात आहेत. जीभ लाकडासारखी वाळलेली. डॉक्टर ह्यांच्यावरच ओरडले – "पाणी देत नव्हता काय म्हाताऱ्याला? किडनीवर आलंय!"

गोळी नव्हे. आप्पांनी पाणीच सोडलं होतं. आणि मी कोरडी चादर बघून खूश होत होते!

२५ जुलै, सोमवार

सलाइन चालू आहे. शुद्धीवर आहेत, पण ओठाला चमचा लावला की तोंड फिरवतात. म्हणाले, "प्यालं न्हाय म्हंजे भानगडच न्हाय की."

माझा तोल गेला. वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले – "तुमच्या चादरी मी जन्मभर धुवीन! पण तुमच्या अंगावर पांढरी चादर घालायला मला लावू नका!" सगळे बघायला लागले. ह्यांनी माझा हात दाबला. सासऱ्याला कुणी असं बोलतं का?

२८ जुलै, गुरुवार

आप्पांना काल घरी आणलं. आज कृष्णात आला, ह्या वेळी झाकण काढलं. आतून चादरींचा झडलेला बोचकंभर मऊ कापूस निघाला. "वैनी, ह्यात वाकळ घातलीसा व्हय? हीटर चांगला हाय. वारा जायची वाट बुजलीया, म्हणून आपलं आपण बंद पडतंय." मग इतके दिवस पार्ट कसला मागवत होतास रे बाबा? नुसता हसला.

साफ केलं, आतलं एक बटण दाबलं. काच तापली! हात ठेवून उभी राहिले. पण वाळवायला काही नाही. आप्पा ओठ ओले करण्यापुरतंच पाणी घेतात. डॉक्टर म्हणालेत, असंच चाललं तर पुन्हा आणू नका, काही करता येणार नाही. ह्यांना जेवण गेलं नाही. मलाही नाही.

३१ जुलै, रविवार

सकाळी चहा ठेवत होते. आतून आप्पांची हाक – "पोरी, चादर बदल. भिजलीया."

स्वतःहून! मी तशीच उभी राहून रडले, चहा गॅसवर उतू गेला. मग आत गेले, तर उशाचा तांब्या रिकामा. विचारलं, आप्पा, चहा घेणार?

"दे की," म्हणाले. "कपभर दे."