खड्याचा पासपोर्ट फोटो

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून नवा अध्याय. बावीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले, माणसांचे चेहरे आता पुरे. कलादालनाने 'निसर्गातलं सूक्ष्म' अशी स्पर्धा जाहीर केली आहे. सहा फोटो पाठवायचे, मुदत पंधरा तारीख. निवड झाली की महिनाभर दालनाच्या भिंतीवर, खाली आपलं नाव. निवड होणारच. सूक्ष्म निरीक्षण हा माझा जन्मजात गुण आहे.
रोज पाचला उठायचं. आज सहाला उठलो, तो अपवाद.

४ मार्च
वस्तू जमवल्या. एक खडा, एक पीस, गोगलगायीचा रिकामा शंख, वाळकं पान, भुंग्याचा पंख, कसलीशी बी. सगळं टेबलावर मांडलं तर ही म्हणाली, कपाटाखाली अजून बराच निसर्ग आहे, झाडू दाराच्या मागे आहे. दुर्लक्ष केलं.

५ मार्च, दुपारी
खडा स्टुलावर ठेवला. मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना छत्रीवाले लाइट. सवयीने "समोर बघा, हनुवटी खाली" म्हणून गेलो. खडा जागचा हलला नाही. बावीस वर्षांत इतकं सहकार्य कुणी केलेलं नाही.

७ मार्च
पीस उडतं. पंखा बंद केला, तरी उडतं. कारण मी श्वास घेतो. श्वास रोखून अडतीस फोटो काढले, मग खाली बसलो.
एक गिऱ्हाईक आलं. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. आत फोटो चालू आहे म्हटलं. कुणाचा, म्हणालं. पिसाचा, म्हटलं. ते समोरच्या स्टुडिओत गेलं. जाऊ दे. कलेत त्याग असतोच.

९ मार्च
फोटो मोठे करून पाहिले. शंखावर रेघा. पानाला भोकं. खड्यावर डाग. पंखावर तर नुसते ठिपके! असल्या अवतारात कुणाला भिंतीवर लावायचं?
पण डाग काढण्यात माझा हात धरणारा इथे कोणी नाही. पुटकुळ्या, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं चार क्लिकमध्ये साफ. गिऱ्हाईक स्वतःवरच खूश होऊन जातं.

१२ मार्च
तीन दिवस साफसफाई. शंखाच्या रेघा घालवल्या. पानाची भोकं बुजवली, शिराही काढल्या, कारण त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या. पंखावरचे सव्वीस ठिपके एकेक करून काढले. सत्ताविसावा जाईना. ती मॉनिटरवरची धूळ होती.
ही चहा ठेवायला आली. बराच वेळ पाहून म्हणाली, यातलं पान कुठलं? दाखवल्यावर "बरं" म्हणाली. नजर प्रत्येकाला नसते.

१५ मार्च
पाठवले! औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. मेहुण्याला उद्घाटनाला शर्ट इस्त्री करून यायला सांगितलं. स्टुडिओ आता बंदच ठेवावा म्हणतो. एकदा भिंतीवर लागल्यावर लोक पासपोर्ट फोटो मागायला कचरतील.

२४ मार्च
कलादालनातल्या बाईंचा फोन. फारच सौजन्याने बोलल्या. स्पर्धा निसर्गातल्या वस्तूंची आहे, प्लास्टिकच्या वस्तू घेता येत नाहीत. मी म्हणालो, प्लास्टिकची कुठली? सहाही, म्हणाल्या. बटणाची प्रकाशयोजना मात्र परीक्षकांना आवडली. म्हणालो, बाई, तो खडा आहे. त्या म्हणाल्या, कुठला?
फार वाईट वाटलं. इतकं की मेहुण्याला मीच फोन करून सांगितलं.

२४ मार्च, संध्याकाळी
हिला सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. हसली नाही, त्याने जास्तच लागलं. शेजारी येऊन बसली आणि स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवून म्हणाली, "लग्नाआधी मी तुमच्याकडे फोटो काढायला आले होते. तुम्ही माझा हनुवटीवरचा तीळ पुसलात. घरी आई म्हणाली, फोटो छान आहे, पण ही मुलगी कोणाची?"
मी म्हणालो, तेव्हा मी नवीन होतो.
"आता जुने झालात ना? मग सांगा, माझा तीळ कुठल्या बाजूला आहे?"
हात काढेना. मी म्हणालो, ते लाइट कुठून येतो त्यावर आहे. ती उठून आत गेली.

२५ मार्च, सकाळी ८.४०
पाचला उठून ती झोपेत असताना बघून घ्यायचं ठरवलं होतं. उठलो तेव्हा ती कामावर गेलेली.
डावीकडे असावा. किंवा उजवीकडे. पाकिटातला तिचा तो फोटो काढला आणि भिंगाखाली धरून अर्धा तास पाहिला. इतक्या वर्षांपूर्वीचं काम, पण काय सफाई आहे! काही म्हणजे काही दिसत नाही.